माघारीचा दिवस

"फोन चालू आहे ना तुझा?" दाजींनी पुन्हा विचारलं.

चालू होता. सकाळपासून हा प्रश्न इतक्यांदा झाला होता की मी फोन खिशातून काढून त्यांच्यापुढे टेबलावरच ठेवला, म्हणजे त्यांनी त्याच्याकडे बघत बसावं आणि माझं डोकं खाऊ नये. बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात आम्ही दोघं बसलो होतो. बाहेर ऊन अंग भाजून काढत होतं आणि आत दाजी स्वेटर चढवून, कानांभोवती मफलर गुंडाळून बसले होते. भिंतीपलीकडे मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात बर्फाचे साचे बुडवून ठेवलेले. तिथला गारठा भिंतीतून झिरपत थेट आमच्या पाठीत शिरत होता. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरत होते आणि मशीनच्या धडधडीने टेबलावरचे पेले आपले आपण सरकत होते. ही जागा मीच सुचवली होती. कारखान्याचा मालक दाजींचा जुना कार्यकर्ता, शिवाय बर्फाच्या कारखान्यात माजी आमदार शोधायला कोण येतंय, असं मी मोठ्या तोंडाने म्हणालो होतो. ते इतकं खरं ठरेल असं मात्र वाटलं नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. एकदाच आमदार झाले आणि मग आयुष्यभर माजी आमदार राहिले. मी त्यांचा मेहुणा आणि आमदारकीपासूनचा त्यांचा स्वीय सहायक. ती नेमणूक सरकारने कधीच संपवली, दाजींनी अजून संपवलेली नाही.

त्या दिवशी उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत दुपारी तीनला संपत होती. या माघारीच्या दिवसाचं आमच्याकडे एक शास्त्र आहे. पक्षाने तिकीट नाकारल्यावर जो रागारागाने अपक्ष अर्ज भरतो, त्या बंडखोराने या दिवशी घरी सापडायचं नसतं. तो सासुरवाडीला जातो, रानात जाऊन बसतो, नाहीतर ओळखीच्या दवाखान्यात सलाईन लावून पडतो. पक्षाचे लोक गाड्या घेऊन त्याला हुडकत फिरतात. जितकं हुडकावं लागेल तितका त्याचा भाव वाढतो. मग तो सापडतो, वरच्यांना फोन लावून दिला जातो, वरचे त्याला शब्द देतात आणि बंडखोर डोळे पुसत अर्ज मागे घ्यायला निघतो. यात कोणाला काही खोटं वाटत नाही. दाजींनी स्वतः आमदार असताना असा एक बंडखोर त्याच्या मामाच्या गोठ्यातून शोधून काढला होता आणि कडब्याच्या पेंढीवर बसून त्याची समजूत घातली होती. पुढे तो कुठल्याशा महामंडळाचा अध्यक्ष होऊन सरकारी गाडीतून फिरला. दाजींच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.

तेव्हा आजचा बेत असा होता. दाजींचा फोन बंद. माझा चालू, कारण मी असेन तिथे दाजी असणार हे सगळ्या गावाला ठाऊक. लपायचं खरं, पण शोधणाऱ्यांची फार तारांबळ उडू द्यायची नाही.

दाजींना पुन्हा आमदार व्हायचं होतं अशातला भाग नाही. अर्ज भरला त्या संध्याकाळी ते मला म्हणाले होते, "मला निवडून यायचं नाहीये रे. मला फक्त त्यांना माझ्या दारात आणायचंय. एकदा समजूत घालायला आले, की प्रसूतिगृहाचं काम सुरू करायचा शब्द चारचौघांत घ्यायचा, आणि अर्ज मागे."

त्यांच्या सगळ्या राजकारणात त्यांनी मागितलेली एकच गोष्ट म्हणजे ते प्रसूतिगृह. बाकी सगळं त्यांना कोणी ना कोणी दिलं, नाहीतर कोणी ना कोणी काढून घेतलं.

मूळचे ते बसचे कंडक्टर. उरलेले सुटे पैसे न मागता परत देणारा कंडक्टर म्हणून चार गावांत ओळख. आगारातल्या संपात ते पुढे होते, आणि नेमकं त्याच वर्षी पक्षातल्या दोन बड्या धेंडांचं तिकिटावरून असं जुंपलं की वरच्यांनी वैतागून तिसऱ्याच माणसाला उभं केलं. तिसरा म्हणजे दाजी. निवडून येणार नाहीत या खात्रीवर दोन्ही धेंडांनी मान डोलावली आणि हा माणूस निवडून आला. दोघांनीही ते त्यांना कधी माफ केलं नाही.

सभागृहात त्यांना शेवटच्या रांगेत खांबाआड जागा मिळाली. ते उभे राहिले तरी सभापतींना दिसत नसत. हात वर करून करून त्यांचा खांदा दुखायचा आणि रात्री आमदार निवासात मी तो चोळून द्यायचो. एकदाच नीट बोलायला मिळालं, तेही जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, बाक निम्मे रिकामे असताना. गावात प्रसूतिगृह नाही, बाई अडली की तिला घेऊन मोठ्या शहराच्या रस्त्याला लागावं लागतं, आणि त्या रस्त्यावर कितीतरी जणींची मुलं गेली, एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "त्यात माझंही एक आहे."

मी वर प्रेक्षकांच्या सज्जात होतो. अक्काचा पहिला मुलगा त्या रस्त्यावर गेला हे मला ठाऊक होतं, त्या गाडीत पुढच्या सीटवर मीच बसलो होतो. पण दाजींच्या तोंडून ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घरात तो विषय कधी निघाला नाही. पुढे एक मुलगी झाली, मोठी झाली, सासरी गेली, तरी नाही.

प्रसूतिगृह मंजूर झालं. पायाभरणीची पाटी बसली, तिच्यावर दाजींचं नाव. पहिला स्लॅब पडला आणि निवडणूक आली. दाजींना वकिलांनी पाडलं. वकील म्हणजे विरोधी पक्षाचे उमेदवार, गावातले मोठे फौजदारी वकील. पुढच्या वेळी दाजी पुन्हा उभे राहिले, वकिलांनी पुन्हा पाडलं. त्यानंतर दाजींना तिकीटच मिळालं नाही. प्रसूतिगृह होतं तिथेच राहिलं. वर गंजलेल्या सळया आणि खाली सिमेंट-वाळूवाल्याचं गोदाम. बाया अजून त्याच रस्त्याला लागतात.

या वेळी पक्षाने तिकीट एका कंत्राटदाराच्या जावयाला दिलं. गावात त्याला जावईबापूच म्हणतात. दाजींनी अपक्ष अर्ज भरला तो असा.

तर आम्ही बर्फाच्या कारखान्यात वाट बघत होतो. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. दाजींनी झटक्यात मफलर काढला आणि दोन बोटं वर केली, म्हणजे दोनदा वाजू दे, लगेच उचलू नकोस. मी तीनदा वाजू दिला. एक मुलगी मला विमा घ्यायचा आग्रह करत होती. दाजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मी उगाच थोडा वेळ "हं, हं" करत राहिलो आणि मग ठेवून दिला.

"कोण?"

"विमावाली."

दाजींनी मफलर पुन्हा गुंडाळला. काही वेळाने बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. दोन दरवाजे वाजले, माणसं बोलत आत आली. दाजी ताडकन उठले, स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले, जणू आपल्याला कशाची फिकीर नाही. ते मासळीवाले होते. बर्फाच्या चार लाद्या आकड्याने ओढत बाहेर नेल्या आणि गेले. दाजी तसेच कॅलेंडर वाचत उभे राहिले. शेवटी मीच उठून स्वेटर त्यांच्या खांद्यावर टाकला.

मला बघवेना. चहा सांगून येतो म्हणून मी स्कूटर काढली आणि सरळ घरी गेलो.

अक्का ओट्याशी उभी राहून भांडी विसळत होती. कोणी विचारायला आलं तर "मला माहीत नाही, सकाळीच गेलेत कुठेतरी" असं सांगायचं, एवढं काम तिच्याकडे होतं. कोणी आलं का, म्हणून मी विचारलं. कोणी नाही, म्हणाली. फोन? नाही.

"येतील," मी म्हणालो. "अजून वेळ आहे."

अक्काने नळ बंद केला. "तुला खरंच वाटतं येतील म्हणून? अरे, ज्याच्यामागे मतं त्याच्यामागे माणसं. यांच्यामागे कोण आहे? तू आहेस. तुझं मत तसंही आमच्याच घरात आहे."

"अक्का, तू तरी असं बोलू नकोस."

"मग कोणी बोलायचं?" ती म्हणाली. "आयुष्यभर मी गप्प बसले. लोकांच्या बायका बारशा-लग्नात मिरवल्या, मी यांच्या सभांना सतरंज्या मोजून परत आणल्या. त्याचं मला काही नाही. पण आज तिथे गारठ्यात बसून दाराकडे बघत असतील ना, ते मला इथे दिसतंय. मी सांगितलं होतं अर्ज भरू नका."

मी तिथून निघालो तो पक्षाच्या कार्यालयात गेलो. तिथे शुकशुकाट होता. शहरप्रमुख सकाळपासून बाहेर होते. कार्यालयाचा चिटणीस एकटाच पंख्याखाली बसला होता. मला बघून त्याने खुर्ची पुढे केली, दाजींची तब्येत विचारली, गुडघे दुखतात का म्हणून विचारलं. दाजींचे गुडघे ठणठणीत आहेत, दुखतात ते वकिलांचे. मी आडून आडून विचारलं की बंडखोरांचं काय चाललंय.

तो खूश झाला. म्हणाला, तो कोंबडीवाला आहे ना, पोल्ट्रीवाला, तो पहाटेपासून गायब आहे. शहरप्रमुख स्वतः तीन गाड्या घेऊन त्याच्या मागावर आहेत. वरून दर अर्ध्या तासाने फोन येतोय.

"आणि आमचे?"

"तुमचे कोण?"

"दाजी. दाजींनी अर्ज भरलाय ना."

त्याने मान तिरकी केली आणि आठवायचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू, तो वाईट माणूस नाही, त्याला खरोखरच आठवत नव्हतं. मग म्हणाला, "हो, हो, भरलाय नाही का. राहू देत की. ज्येष्ठ आहेत. त्यांची हौस होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला म्हणालो की पाच मिनिटं या, नुसतं मागे घ्या म्हणा, एवढंच. तो म्हणाला की वरून आदेश आल्याशिवाय तो कार्यालय सोडून हलू शकत नाही. वर आदेश मागा म्हटलं, तर म्हणाला आज नको, आज सगळे कोंबडीवाल्यात आहेत. मी उठलो. बाहेर येऊन स्कूटरला तीन लाथा मारल्या तरी चालू होईना, तेव्हा चौथी लाथ स्टार्टरला नव्हती. मग ती चालू झाली.

वकिलांकडे जायचं मी ठरवून गेलो नाही. त्यांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मला कळलं की मी इथे आलोय. मधल्या काळात वकीलही आमच्याच पक्षात आले होते, आणि पक्षाने त्यांनाही वापरून झाल्यावर बाजूला ठेवलं होतं. आता ते व्हरांड्यात पाय वर करून बसलेले असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारतात. मला हाक मारावी लागली नाही.

मी सगळं सांगितलं. पक्षाने पाठवलंय असं म्हणा, मागे घ्या म्हणून आग्रह करा. दाजी नाही म्हणतील, ताणून धरतील, तीन वाजून जातील. बस. कोणीतरी आलं होतं, एवढं त्यांच्या पदरात पडेल.

"खोटं बोलायला सांगतोयस मला," वकील म्हणाले.

"तुम्ही वकील आहात."

ते हसले नाहीत. गुडघा चोळत बसले. "माझ्यावर ते विश्वास ठेवतील?"

"तुम्ही त्यांना दोनदा पाडलंय, वकीलसाहेब. त्यांना तुमच्याइतकं मनावर दुसऱ्या कोणी घेतलेलं नाही."

वकील उठले आणि कपडे बदलायला आत गेले. मी बाहेर उभा राहून मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो. प्रसूतिगृहाचं मला त्या क्षणी सुचलंच नाही, इतका मी दाजींच्या मानापानात अडकलो होतो.

कारखान्यात फरशी सगळी ओली. वकील एका हाताने भिंत आणि एका हाताने माझा दंड धरून एकेक पाऊल टाकत होते. मजुरांनी लादी ओढायची थांबवून त्यांना वाट दिली. ऑफिसच्या दारात वकील दिसले आणि दाजी उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी मतमोजणीच्या दिवशी पाहिला होता. त्यांनी स्वतःची खुर्ची वकिलांना दिली, पाणी पुढे केलं आणि स्वेटर काढून व्यवस्थित घडी घालून ठेवला.

"कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"वरून निरोप आहे," वकील म्हणाले. "तुम्ही ज्येष्ठ आहात. पक्षाचं नुकसान होईल असं करू नका. अर्ज मागे घ्या."

"शहरप्रमुख नाही आले?"

"ते दुसरीकडे गुंतलेत."

दाजींनी मान हलवली. मग म्हणाले, "वरच्यांना फोन लावून देता?"

हा तर ठरलेला शिरस्ता. समजूत घालायला येणारा माणूस फोन लावून दिल्याशिवाय परत जात नाही. मी तो साफ विसरलो होतो. वकिलांनी खिसे चाचपले आणि फोन गाडीत राहिला म्हणाले. माझा फोन टेबलावर आमच्या तिघांच्या मधोमध पडला होता. दाजींनी तो उचलला, क्षणभर हातात धरला आणि माझ्याकडे दिला. "हा ठेव खिशात," ते म्हणाले.

आता ते वकिलांना उठा म्हणतील असं मला वाटलं. ते मात्र समोरच्या स्टुलावर बसले, अगदी पुढे सरकून.

"माझी एकच अट आहे. प्रसूतिगृह."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मी हे सांगितलंच नव्हतं. हो म्हणाले तर दाजी पोकळ शब्दावर अर्ज मागे घेणार, नाही म्हणाले तर आजचा सगळा खटाटोप वाया. वकिलांनी समोरचा पेला उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला. मशीन धडधडत होतं.

"त्या पाटीवर तुमचं नाव होतं," ते शेवटी म्हणाले. "मी निवडून आलो आणि ती फाईल पहिल्याच महिन्यात माझ्यासमोर आली. पूर्ण केलं असतं तर लोक म्हणाले असते, हे त्यांनी केलं. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी दुसरंच काही निघालं. मग मलाच आठवेना."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. शब्द द्या, वकीलसाहेब."

वकिलांनी घसा साफ केला. "पक्षाच्या वतीने मी..."

"पक्षाचा नको. तुमचा द्या."

"माझ्या शब्दाला आता कोण विचारतंय?"

"मी विचारतोय ना," दाजी म्हणाले.

वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अमोनियाने आलं असं म्हणायची सोय होती. त्यांनी हात पुढे केला. "दिला," ते म्हणाले.

दाजींनी हात हातात घेतला, थोपटला, मग घड्याळात बघितलं. "चल, मुदत संपायच्या आत पोचलं पाहिजे," ते मला म्हणाले. मी त्यांना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, दाजी, घाई कशाला, ताणून धरा, हे लोक आणखी येतील. ते माझं ऐकून न ऐकल्यासारखं करून स्कूटरकडे निघाले. वकिलांना मजुरांनी धरून गाडीपर्यंत नेलं.

निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फार वेळ लागला नाही. दाजींनी सही केली. तिथल्या बाईंनी ती तपासली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आवारात एकदम गलका उठला. कोंबडीवाला सापडला होता. तीन गाड्यांचा ताफा आत आला, शहरप्रमुख त्याच्या खांद्यावर हात टाकून खाली उतरले, फोटोवाले धावले. कोंबडीवाला डोळे पुसत होता. सगळं अगदी शास्त्राप्रमाणे.

गर्दीत शहरप्रमुखांची नजर दाजींवर पडली. "अरे, साहेब! तुम्ही इकडे कुठे?"

"अर्ज मागे घेतला," दाजी म्हणाले.

"कोणाचा?"

मला त्या क्षणी त्यांची गचांडी धरावीशी वाटली. शहरप्रमुखांच्या मागच्या एकाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. "हो का, हो का," ते म्हणाले. "छान केलंत. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पक्ष आहे." तोवर त्यांचा हात पुन्हा कोंबडीवाल्याच्या खांद्यावर गेला होता.

"उद्या तुमच्या उमेदवाराला भेटायला येतो म्हणावं," दाजी म्हणाले.

"या ना. कधीही या." शहरप्रमुख आत गेले सुद्धा.

मी स्कूटर चालवत होतो आणि माझा जळफळाट चालला होता. दाजी मागे शांत बसले होते. शेवटी मला राहवेना. पेट्रोल पंपाच्या पुढे, कडेच्या झाडाखाली मी गाडी थांबवली आणि म्हणालो, "दाजी, माझं चुकलं. वकिलांना कोणी पाठवलं नव्हतं. मी आणलं होतं."

"फोन मागितला तेव्हाच कळलं मला."

"मग मागे का घेतला? मी तर तुम्ही ताणून धराल म्हणून..."

"धरून काय करू?" दाजी म्हणाले. "उभा राहिलो असतो तर मतं पडली असती. पडून पडून किती पडली असती? मग ती मोजली असती, जाहीर केली असती. मी सगळीकडे प्रसूतिगृहाच्या नावावरच मतं मागितली असती. उद्या हे लोक म्हणाले असते, बघा, गावातल्या एवढ्याच माणसांना प्रसूतिगृह हवंय. तो आकडा कागदावर कायमचा राहिला असता, आणि मग पुन्हा कोणाला तोंड उघडता आलं नसतं." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "माझी काय लाज जायची ती जाऊ दे. पण त्याची मोजणी नको."

मी स्कूटरचं हँडल धरून उभा राहिलो.

"आणि तो जावईबापू," ते म्हणाले. "येणार तोच निवडून. त्याच्यासमोर उभा असतो तर त्याच्या दारात जाता आलं असतं का? आता जाता येईल. रांगेत बसवेल, बसू. चल, तुझी अक्का वाट बघत असेल."

अक्का खरंच दारातल्या पायरीवर बसली होती. ती असं बाहेर कधी बसत नाही. आम्हाला बघून उठली नाही, दाजी फाटकातून आत येईपर्यंत बघत राहिली.

"कोणी आलं होतं?" तिने विचारलं.

"आले होते. वकील."

अक्काने माझ्याकडे बघितलं. तिच्यापासून काही लपत नाही. मी खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत राहिलो.

"काय म्हणाले?"

"अर्ज मागे घ्या म्हणाले. घेतला." दाजी तिच्यासमोर उभे होते. "प्रसूतिगृहाचा शब्द दिलाय त्यांनी."

आता ती फाडफाड बोलेल म्हणून मी तयारीत होतो. वकिलांच्या शब्दाची आज किंमत काय, हे तिला सांगायला नको होतं. मुळात काम कोणी बंद पाडलं हेही ती दाजींइतकंच जाणून होती. पण रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, तिने त्याला वळणापर्यंत जाऊ दिलं.

"फार उशीर केला त्यांनी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, भाजी आणायची राहिली हे सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "थोरला असता तर आता त्याला मुलं झाली असती."

दाजी "हो" म्हणाले. ते खाली पायरीवर तिच्याशेजारी बसले. त्या घराच्या दारात त्या दोघांना असं शेजारी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी स्कूटर नीट लावून येतो म्हणून बाहेर गेलो. स्कूटर नीटच लावलेली होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो.